आवाहन : एक नळी नव्हे, तीन

सप्रेम नमस्कार.

चार मुलांच्या आई-बाबांच्या रक्ताचे नमुने शनिवारी तपासणीला जायचेत, पैसे कमी पडतायत आणि हे पत्र आज लिहितेय, क्षमस्व. पण ज्यांनी इथवर आणलं त्यांचं ऋण आधी मानायलाच हवं.

आपल्या पालक मंडळाचा जनुकीय तपासणी निधी सुरू झाला तो मंडईतल्या मावशींच्या पाचशेच्या नोटेने. गुरुजींनी अख्ख्या महिन्याची पेन्शन दिली आणि पावतीवर 'एक हितचिंतक' लिहायला लावलं (अक्षर सगळ्यांनी ओळखलं, ते सोडा). रिक्षा स्टँडच्या मंडळींनी गणपतीच्या वर्गणीतली शिल्लक आणून दिली, वर मुलांना थेरपीला आजही फुकट सोडतात.

त्यातून सहा मुलांची एक्सोम तपासणी (रक्तातून जनुकांमधले बदल शोधणारी) झाली. दीड वर्षाची होईतो चार शब्द बोलणारी, मग ते विसरून दिवसभर धुणं पिळावं तसे हात पिळत बसणारी आपली छकुली तुम्ही पाहिलीत. तिच्यात एमईसीपी२ जनुकातला बदल सापडला, म्हणजे रेट सिंड्रोम हा दुर्मीळ आजार. हा बदल बहुतेक वेळा आईबापाकडून येत नाही, नव्यानेच घडतो. 'ग्रहणात भाजी चिरलीस' हे चार वर्षं ऐकलेल्या तिच्या आईने तो रिपोर्ट सासूबाईंना दोनदा वाचून दाखवला. दुसऱ्या एकाच्या एससीएन१ए या जनुकात बदल निघाला. अशा मुलांच्या फिट्स कार्बामाझेपिन या फिट्सवरच्याच गोळीने उलट वाढू शकतात. डॉक्टरांनी गोळी बदलली.

उरलेल्या चौघांच्या रिपोर्टात 'व्हीयूएस' : बदल दिसतो, पण दोष त्याचाच का, ते सांगता येत नाही. यात चूक आमची. पैसे वाचवायला फक्त मुलांचं रक्त पाठवलं. सोबत आई-बाबांचं असतं तर बदल घरातून आलाय की नवा, ते कळलं असतं आणि बराचसा गुंता सुटला असता. 'सरकार देतं ना?' असं विचारतात. २०२१ च्या राष्ट्रीय धोरणात दुर्मीळ आजारांना ५० लाखांपर्यंत मदतीची सोय आहे, मुंबईचं केईएम त्यातलं एक केंद्र. पण आजार त्यात बसतो का हे बघायला आधी त्याचं नाव तर कळायला हवं!

थोडं मनातलं. गेल्या आवाहनाला ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली. पावतीपुस्तकाची पानं फाटली तीन. त्याच महिन्यात चौकातल्या कमानीच्या लायटिंगला काही कमी पडलं नाही. असो.

या चौघांच्या आई-बाबांच्या तपासणीसाठी हवेत ४८,०००, जमा १७,५००. रोख वा चेक (मंडळाच्या नावे) कार्यालयात सायं. ६ ते ८, क्यूआर कोड दारावरच्या फलकावर, गुरुवारपर्यंतच; ८०जी (देणगीवर आयकरात सवलत) अजून नाही, अर्ज केलाय. पालकांनी शुक्रवारी सकाळी रक्त द्यायला यावं, उपाशीपोटी नको, मुलाचा जुना रिपोर्ट आणावा. शनिवारी पुण्याला गाडी नेणारं कोणी असेल तर कळवा, नमुन्यांचा डबा द्यायचाय.

आपली,
चिटणीस

ता. क. : शिंपी आळीतल्या काकू, दुसरं पावतीपुस्तक तुमच्याकडेच राहिलंय, पाठवून द्या.