तक्रार पत्र: मराठीच्या नावावर विकलेला फोन मराठीच मोडतो

प्रति,
उत्पादन प्रमुख आणि ग्राहक सेवा प्रमुख,
भारत कार्यालय

विषय: वार्षिक कार्यक्रमात जाहीर केलेल्या मराठी सुविधा सदोष असणे, नव्या अपडेटमुळे मराठी मजकूर बिघडणे आणि तक्रार परस्पर बंद करणे

आज दुपारी तुमच्या ग्राहक सेवेशी चौथ्यांदा बोलणं झालं. ४३ मिनिटं. त्यानंतर सव्वा तासाने ईमेल आलं, तक्रारीचं ‘निराकरण झाले आहे’. निराकरण झालेलं नाही. म्हणून हे पत्र थेट तुम्हाला. तुमचं उत्पादन आतून कसं चालतं हे तुम्हाला माहीत आहे असं धरून लिहिते आहे, तेव्हा फोन बंद करून चालू करा, कीबोर्ड काढून पुन्हा घाला, सगळ्या सेटिंग्ज मूळ पदावर आणा, हे पुन्हा सांगू नका. ते सगळं करून झालंय. फोन पूर्ण पुसून नव्याने लावणंसुद्धा.

यंदाच्या कार्यक्रमात मंचावरून तीन गोष्टी सांगितल्यात: लिहिलेला मजकूर नीटनेटका करून देणारं साधन, बोललेलं लिहून घेणं, आणि फोनमधलं काहीही एका शब्दावरून शोधून देणं. भाषांच्या यादीत ‘मराठी’ हा शब्द मोठ्या पडद्यावर झळकला. दिवाळीच्या तोंडावर मराठी वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती आल्या, त्यात हीच तिन्ही वाक्यं ठळक मराठीत होती. या तिन्ही गोष्टी मराठीत चुकतात. चुका अधूनमधून होत नाहीत, दरवेळी त्याच होतात, आणि कुणालाही पाच मिनिटांत करून बघता येतील.

पहिली चूक सगळ्यात मोठी, म्हणून सविस्तर लिहिते. टिपणवही उघडा. ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ असं लिहा, पण ‘दऱ्या’मधला ऱ्य जुन्या पद्धतीने टाका: र, मग हलन्त (पाय मोडणारं चिन्ह), मग शून्य रुंदीचा जोडक (अक्षरं जोडणारं न दिसणारं चिन्ह, क्रमांक यू+२००डी), मग य. ओळ निवडा, ‘नीटनेटकं करा’ दाबा. परत मिळतं ते ‘सह्याद्रीच्या दर्या’. दऱ्या म्हणजे डोंगरांमधली खोलगट जागा, दर्या म्हणजे समुद्र. लग्नाच्या हिशेबात ‘आचाऱ्यांना दिले’ असं लिहिलं असेल तर ते ‘आचार्यांना दिले’ होतं, म्हणजे स्वयंपाक्याचे पैसे गुरूच्या नावावर. हे शुद्धलेखनाचे बारकावे नव्हेत, इथे शब्दच बदलतो.

कारणही सांगते. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, हा ऱ्य दोन प्रकारे लिहिला जातो. एक, ऱ (यू+०९३१) अधिक हलन्त अधिक य. दुसरा वर दिलेला, जोडक घालून. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. जुन्या अनेक टंकलेखन साधनांनी दुसरा प्रकार वापरला, त्यामुळे लोकांच्या पत्रांत, याद्यांत, जतन करून ठेवलेल्या मजकुरात तोच पडून आहे. तुमचं नवं साधन मजकूर हातात घेतल्यावर ‘न दिसणारी’ अक्षरं झाडून काढतं. जोडक गेला की र, हलन्त आणि य एवढंच उरतं, आणि त्याचा नियमाने रफारच होतो.

आता हे बघा. कुटुंबाची इमोजी, म्हणजे आई, वडील आणि मूल एकत्र असलेली, ही याच यू+२००डीने जोडलेली असते. तीच इमोजी त्याच ओळीत ठेवून ‘नीटनेटकं करा’ दाबलं. कुटुंब जसंच्या तसं राहिलं, दऱ्यांचा मात्र दर्या झाला. म्हणजे हा जोडक कशासाठी असतो हे तुमच्या माणसांना माहीत आहे. इमोजीसाठी त्यांनी अपवाद लिहिला. मराठीसाठी लिहायचं कुणाच्या मनात आलं नाही, किंवा आलं आणि राहून गेलं. मला यातलं काहीही मान्य नाही.

बोलून लिहून घेण्यात ‘ळ’ टिकत नाही. ‘सकाळी अर्धी गोळी, रात्री जेवल्यावर एक’ असं सांगितलं की ‘सकाली अर्धी गोली’ उमटतं. हे निदान चुकलेलं दिसतं तरी. ‘काळ बदलला’चं ‘काल बदलला’ होतं, ‘माळ आणली’चं ‘माल आणला’ होतं, क्रियापदाचं लिंगसुद्धा तुमचं यंत्र स्वतःहून बदलून देतं. वाक्य व्याकरणात बसतं, म्हणून वाचणाऱ्याला संशयही येत नाही. ही चूक जास्त घातक आहे.

वेळेचंही तसंच. ‘साडेतीनला आठवण कर’ बरोबर लागतं, ‘सव्वाचार’ही लागतं. ‘पावणेपाच’ सांगितलं की गजर पाचला लागतो. ‘पावणे’ हा शब्द पुढच्या आकड्यातून पाव वजा करतो. तो ओळखला नाही की नुसता आकडा उरतो आणि माणूस पंधरा मिनिटं उशिरा पोचतो. ‘दीड’ आणि ‘अडीच’ सांगितलं तर यंत्र ‘किती वाजता?’ असं विचारतं. मराठीत घड्याळ असंच सांगतात. हे तीन शब्द शिकवल्याशिवाय मराठी येते म्हणून जाहीर करायला नको होतं.

शोध. ‘ॲडमिशन’ हा शब्द तीन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो: ॲ हे एकच अक्षर (यू+०९७२), अ वर ॅ, आणि अ, जोडक, ॅ. दिसायला एकच. तुमचा कीबोर्ड पहिला प्रकार लिहितो, तुमचंच बोललेलं लिहून घेणं तिसरा लिहितं, आणि तुमचा शोध फक्त जे टाकलं तेच शोधतो. म्हणजे बोलून केलेली नोंद टंकून शोधली तर तुमच्याच फोनला तुमचंच लिहिलेलं सापडत नाही. ‘दुसऱ्या’चंही तेच. युनिकोडच्या नेहमीच्या नॉर्मलायझेशनने (समतुल्य रूपं एकाच रूपात आणण्याच्या पद्धतीने) हे सुटणार नाही, कारण ही रूपं युनिकोडच्या लेखी समतुल्य नाहीत. फक्त ऱ आणि र-खाली-नुक्ता (टिंब) ही जोडी समतुल्य आहे. बाकीच्यांसाठी कुठली रूपं एकच मानायची याचा चार ओळींचा तक्ता लागतो, तो सूची बनवताना आणि शोधताना, दोन्हीकडे लावावा लागतो. इतकंच काम आहे.

ल आणि श यांची मराठी वळणं याच अपडेटमध्ये गेली, तेही नोंदवून ठेवते. फोनची भाषा मराठी असताना मेनूत आता हिंदी वळणाचे ल, श दिसतात. फॉन्टमध्ये मराठी वळणं अजून आहेत, हे तोच फॉन्ट आणि मराठीची खूण असलेलं वेबपान उघडून तपासलं. म्हणजे अक्षरं तयार आहेत, ‘भाषा मराठी’ ही खूण मेनूपर्यंत पोचत नाही. मागच्या वर्षीपर्यंत हे तुमच्या फोनवर बरोबर होतं. इतरांपेक्षा चांगलं होतं. म्हणूनच लोक तुमचं नाव सांगायचे.

आणि मागेही जाता येत नाही. अपडेट आल्यावर काही दिवसांतच तुम्ही जुन्या आवृत्तीला मान्यता देणं बंद केलंत, म्हणजे ती पुन्हा बसवताच येत नाही. चालू असलेली गोष्ट मोडायची आणि परतीचं दारही लावून घ्यायचं, हा कुठला न्याय?

आता आजच्या कॉलबद्दल. मेनूत ‘मराठीसाठी ३ दाबा’ असं येतं. ३ दाबलं. २१ मिनिटांनी जे ‘वरिष्ठ तज्ज्ञ’ आले ते हिंदीत बोलले. त्यांची चूक नाही, त्यांना तिथे बसवणाऱ्यांची आहे. सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, ‘‘मॅडम, आप हिंदी कीबोर्ड यूज़ कर लीजिए ना, स्क्रिप्ट तो सेम ही है.’’

मी म्हटलं, तुमच्यासमोर हिंदी कीबोर्ड असेल तर त्यावर ‘दऱ्या’ लिहून दाखवा. डोंगरातल्या.

थोड्या वेळाने ते म्हणाले, ‘‘हो गया मॅडम. दर्या.’’

हा समुद्र झाला, मी म्हटलं. मला डोंगरातल्या दऱ्या हव्यात.

ते काही बोलले नाहीत. मग ‘‘एक मिनट होल्ड कीजिए’’, आणि ११ मिनिटं तुमच्या नव्या फोनच्या जाहिरातीचं संगीत. परत आल्यावर त्यांनी वाचून दाखवलं, ‘‘टीम के हिसाब से यह एक्सपेक्टेड बिहेवियर है.’’ अपेक्षित वर्तन. मी विचारलं, कुणाला अपेक्षित? त्यावर उत्तर आलं, ‘‘यह लेटर मराठी में ज़्यादा यूज़ नहीं होता होगा मॅडम.’’

दुसऱ्या, तिसऱ्या, बऱ्याच, साऱ्या, पांढऱ्या, नोकऱ्या, पायऱ्या, कादंबऱ्या. रा किंवा री शेवटी असलेल्या बहुतेक शब्दांच्या पोटात हे अक्षर आहे. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द मराठी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर जवळजवळ रोज असतो. त्याच वर्तमानपत्रांत तुम्ही पानभर जाहिरात दिलीत.

मग ते ईमेल. मराठीत होतं, आणि त्यात लिहिलं होतं: ‘दुसर्या स्तरावरील तज्ञांनी आपणास हिंदी कीबोर्ड वापरण्याचा सल्ला दिला. ग्राहक समाधानी.’ मी समाधानी आहे असं मी म्हटलेलं नाही. एकदाही नाही. कॉलचं ध्वनिमुद्रण तुमच्याकडे आहे, ऐका. आणि ‘दुसर्या’ नीट बघा. ज्या दोषाची तक्रार मी महिनाभर करते आहे, तो दोष त्या तक्रारीच्या उत्तरातच आहे. पाठवण्याआधी तुमच्या कंपनीत ते मराठी वाचणाऱ्या एकाही माणसाच्या डोळ्यांखालून गेलेलं नाही. मला सगळ्यात जास्त राग याचा आहे.

हिंदी कीबोर्ड वापरा, हे उत्तर नाही. पुन्हा सांगते, हे उत्तर नाही. २०११च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख लोकांनी मातृभाषा मराठी लिहिली आहे. ३ ऑक्टोबर २०२४ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. या माणसांना तुम्ही त्यांच्या भाषेत फोन विकता, पैसे घेता, आणि अडचण आली की शेजारच्या भाषेकडे बोट दाखवता. तमिळ माणसाला तेलुगू कीबोर्ड वापरायला सांगाल का?

कायद्याचंही सांगून ठेवते, म्हणजे तुमच्या विधी विभागाला वेगळं कळवावं लागणार नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९च्या कलम २(२८)प्रमाणे महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर लपवणारी जाहिरात दिशाभूल करणारी ठरते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ९ जून २०२२ला काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट आहे की खुलासा हा जाहिरातीतल्या दाव्याच्याच भाषेत हवा आणि त्याच फॉन्टमध्ये हवा. तुमची जाहिरात मराठीत होती. तळाची ‘सुविधा भाषा व प्रदेशानुसार वेगळ्या असू शकतात’ या अर्थाची ओळ इंग्रजीत होती, मुंगीएवढ्या अक्षरांत. त्या पानाचं कात्रण सोबत आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकतं. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही आणि ग्राहक राहतो त्याच जिल्ह्यात ती दाखल करता येते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद आजच केली आहे.

मला नवा फोन नको, कूपन नको, माफीचा साचेबद्ध मजकूर नको. हवं ते असं: बंद केलेली तक्रार पुन्हा उघडून तिच्यातलं ‘ग्राहक समाधानी’ हे वाक्य खोडावं. यू+२००डी मराठी मजकुरातून काढणं पुढच्याच छोट्या अपडेटमध्ये थांबवावं. इमोजीसाठी जो अपवाद आहे तोच देवनागरीला लावायचा आहे. ल आणि शची वळणं परत आणावीत. ळ, पावणे, दीड, अडीच आणि शोधाचा तक्ता यांना वेळ लागेल हे मला कळतं, पण तो किती, ती तारीख लेखी द्या. ती तारीख देता येत नसेल तर तोवर जाहिरातीतून आणि संकेतस्थळावरून ‘मराठी’ हा शब्द काढा.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवस वाट बघेन. सोळाव्या दिवशी आयोगात तक्रार दाखल होईल. मसुदा तयार आहे आणि त्यात आजचा कॉल शब्दशः आहे. उत्तर लेखी हवं, मराठीत हवं, आणि मराठी वाचता येणाऱ्या माणसाने सही केलेलं हवं. पुन्हा फोन करू नका.

सोबत: चारही कॉलची तारीख व वेळ, तुमचं ईमेल, चुका करून दाखवणारी सहा पडदाचित्रं, प्रत्येक शब्दाचे युनिकोड क्रमांक, जाहिरातीचं कात्रण, खरेदीची पावती.

एक ग्राहक