घड्याळवाल्या काकांना, मनापासून

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

बुधवार पेठेतल्या तुमच्या टेबलाशेजारी तुम्ही आम्हा चौघांना घड्याळदुरुस्ती शिकायला स्टूल टाकून बसू दिलंत, त्याचे आभार आज सगळ्यांसमोर मानायचे आहेत. तुम्ही जे शिकवलंत तेच लिहिलं, तर खिशातली जुनी घड्याळं घेऊन एकट्याने धडपडणाऱ्यांच्याही ते उपयोगी पडेल.

सगळ्यात मोठे आभार तुमच्या पहिल्या नियमाचे: बंद घड्याळ हाती आलं की आधी तपासायचं, मग उघडायचं. काटे एकमेकांना किंवा काचेला अडत नाहीत ना? बॅलन्सवर, म्हणजे पुढेमागे झुलणाऱ्या चाकावर, हलकी फुंकर मारली तर तो मोकळा झुलतो का? दोन हेलकाव्यांत थांबला तर पिव्हट (दांड्याचं बारीक टोक) वाकलेला, ज्वेल (पिव्हट ज्याच्या भोकात फिरतो तो खडा) फुटलेला किंवा तेल सुकलेलं. छान झुलतो, पण चालू राहत नाही, तर ताकद त्याच्यापर्यंत पोचत नाही. मग चावी थोडी भरून पॅलेटचा काटा (चाकांना एकेक दात पुढे सोडणारा, बॅलन्सला ढकलणारा भाग) चिमट्याच्या टोकाने जरासा ढकलायचा. तो टचकन पलीकडे गेला तर चाकं ठीक. मरगळलेला राहिला तर दोष कमानीत (घड्याळाला ताकद देणाऱ्या मुख्य स्प्रिंगमध्ये) किंवा चाकांत.

उघडताना पहिलं काम कमानीचा ताण उतरवण्याचं. चावी बोटांत घट्ट धरून किंचित पुढे फिरवायची, क्लिक (कमान उलटी सुटू न देणारा खटका) काडीने मागे सारायचा आणि चावी बोटांतून सावकाश सुटू द्यायची. हे न करता पॅलेटचा पूल (पिव्हट वरून धरून ठेवणारी पट्टी) सैल केला तर सगळी चाकं एकदम सुटतात आणि एस्केप व्हीलचा, म्हणजे पॅलेटला अडणाऱ्या शेवटच्या चाकाचा, पिव्हट जातो. चावीशेजारच्या क्राउन व्हीलचा स्क्रू बऱ्याच घड्याळांत उलट्या आट्यांचा असतो. तो नेहमीच्या दिशेने पिळला की डोकं तुटून हातात येतं.

सरावाला तुम्ही रॉस्कॉफ पद्धतीची यंत्रं दिलीत, याचं महत्त्व आता कळतं. जॉर्ज रॉस्कॉफ यांनी १८६७च्या सुमारास सामान्य माणसाला परवडावं म्हणून केलेलं हे घड्याळ. त्यात मधलं चाक नाही आणि पॅलेटला खड्यांऐवजी पोलादी पिना. त्यामुळे पूल बसवताना एक पिव्हट कमी सांभाळावा लागतो. सगळे पिव्हट आपापल्या भोकात आहेत याची खात्री होईपर्यंत पुलाचा स्क्रू आवळायचा नाही, हे त्या यंत्रांवरच अंगवळणी पडलं.

लिव्हर घड्याळात, म्हणजे पॅलेटला पिनांऐवजी खडे असलेल्या घड्याळात, ते खडे आणि बॅलन्सखालचा इम्पल्सचा खडा (पॅलेटच्या काट्याकडून धक्का घेणारा) लाखेने चिकटवलेले असतात. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, म्हणून हे दोन भाग स्पिरिटपासून लांब ठेवायचे. लायटरच्या पेट्रोलमध्ये बुडवून मऊ ब्रशने साफ करायचे आणि लगेच वाळवायचे. ज्वेलची भोकं मात्र टोक काढलेल्या लाकडी काडीनेच साफ होतात. काडीचं टोक काळं येईनासं होईपर्यंत नवं टोक काढत राहायचं.

कमानीबद्दल तुम्ही जितकं समजावलंत, तितकं कुणी समजावत नाही. जुनी निळी कमान बाहेर काढल्यावर ऐसपैस उलगडली नाही, ड्रमएवढीच (ती ज्या डबीत बसते तेवढीच) वेटोळी घालून राहिली, तर ती थकली आहे. नवी घेताना रुंदी, जाडी, लांबी तिन्ही मोजायची, आणि सर्वांत काटेकोर जाडी. ताकद जाडीच्या घनाप्रमाणे वाढते. ०.२० मिमीच्या जागी ०.२२ मिमीची घातली तर जाडी १० टक्के वाढते, पण ताकद ३३ टक्के. मग बॅलन्स इतका फिरतो, की इम्पल्सचा खडा पॅलेटच्या काट्याला मागच्या बाजूने ठोकतो आणि घड्याळ पिसाटासारखं पुढे धावतं. कमान बोटांनी गुंडाळून ड्रममध्ये बसवली तर ती शंकूसारखी पिळली जाते आणि झाकणाला घासते, म्हणून कमान गुंडाळायचं हत्यार, वाइंडर, हवाच. शिवाय बोटांचा घाम आणि पुण्याचा जुलै एकत्र आले की तिला गंज लागायला वेळ लागत नाही.

तेलाच्या बाबतीत तुमचा हात पाहत राहावं असा आहे. बॅलन्स आणि एस्केप व्हीलला मोबियस ९०१० या घड्याळाच्या तेलासारखं पातळ, मधल्या चाकाला आणि ड्रमच्या दांड्याला घट्ट. ज्वेलची वाटी निम्मी, फार तर दोन तृतीयांश भरायची. जास्त झालं की तेल प्लेटवर ओढलं जातं आणि पिव्हट कोरडा पडतो. पॅलेटच्या पिव्हटना तेल नाही.

घड्याळ एकाएकी तासाला काही मिनिटं पुढे जायला लागलं, तर हेअरस्प्रिंगची (बॅलन्सवरच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगची) वेटोळी एकमेकांना चिकटली असणार. कारण तेल किंवा चुंबकत्व. जवळ होकायंत्र धरायचं आणि सुई हलली तर चुंबकत्व घालवणारा डीमॅग्नेटायझर वापरायचा. बटण दाबलेलं ठेवून घड्याळ हातभर लांब नेल्यावरच बटण सोडायचं.

काका, एक गोष्ट शिकायची राहिली आहे. जुन्या बाजारातून आणलेल्या एका लिव्हर घड्याळाचा बॅलन्स स्टाफ (बॅलन्सचा दांडा) तुटला आहे. तो ठोकून काढला तर बॅलन्सच्या पट्टीतलं भोक मोठं होतं, म्हणून रिव्हेट (दांड्याची ठोकून पसरवलेली कड) आधी लेथवर कापून टाकायची, असं तुम्ही सांगितलं होतंत. येत्या रविवारी ते घड्याळ घेऊन येतो. लेथ मोकळा असेल तर दाखवाल का?

आपले,
रविवारी येणारे चौघे
पुणे