चिडवाचिडवी चालेल, खेळाडूचा छळ नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतील मिशिगन आणि ओहायो या शेजारी राज्यांत आता बरीच मराठी कुटुंबे स्थायिक झाली आहेत. त्यांची अनेक मुले मिशिगन विद्यापीठात किंवा ओहायो स्टेटमध्ये शिकत असल्यामुळे या दोन विद्यापीठांच्या अमेरिकन फुटबॉल संघांचे १८९७ पासूनचे वैर आपल्या घरांतही शिरले आहे. नोव्हेंबरअखेरच्या त्यांच्या सामन्याच्या सुमारास समाजमाध्यमांवर चाहत्यांची जी जुंपते, तिच्यात खेळापेक्षा एकमेकांच्या भाषेवरूनच अधिक वाद होतात. आमच्या मराठी गटांतही ‘जरा आदराने बोला’ हे वाक्य त्या दिवसांत हमखास वाचायला मिळते.

मला स्वतःला चिडवाचिडवीत काही गैर वाटत नाही. सामन्याच्या आठवड्यात ओहायो स्टेटच्या कोलंबस येथील आवारात इमारतींच्या आणि रस्त्यांच्या पाट्यांवरील ‘एम’ या मिशिगनच्या आद्याक्षरावर लाल पट्टीची फुली मारलेली असते, ती पाहायला लहान मुलांनाही मजा वाटते. दोन प्रौढ चाहते एकमेकांना टोमणे मारत असतील तर त्यांना शिष्टाचार शिकवत बसण्याचे कारण नाही. मात्र ३० नोव्हेंबर २०२४ रोजी मिशिगनने कोलंबसमध्ये १३-१० असा विजय मिळवून मैदानाच्या मधोमध आपला झेंडा रोवायचा प्रयत्न केला, तेव्हा खेळाडूंमध्ये हाणामारी झाली, पोलिसांना मिरपुडीचा फवारा मारावा लागला आणि हे दोन्ही संघ ज्यात खेळतात त्या ‘बिग टेन’ या विद्यापीठांच्या क्रीडासंघाने दोन्ही विद्यापीठांना प्रत्येकी एक लाख डॉलरचा दंड केला. त्यानंतर ऑनलाइन वादात प्रत्येक बाजू दुसरीचे संस्कार काढत राहिली, पण आपल्या बाजूच्या माणसाला ‘पुरे आता’ असे सांगणारा क्वचितच दिसला.

त्याच सामन्यात ओहायो स्टेटच्या किकरचे, म्हणजे चेंडू लाथाडून गुण मिळवणाऱ्या खेळाडूचे, प्रत्येकी तीन गुणांचे दोन फील्ड गोल हुकले होते, आणि पराभव अवघ्या तीन गुणांचा होता. असा प्रसंग ज्याच्या वाट्याला येतो त्याला सर्वांत कडवट शब्द बहुधा स्वतःच्याच चाहत्यांकडून ऐकावे लागतात, हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. हे खेळाडू बहुतेक १८ ते २३ वर्षांचे विद्यार्थी असतात, त्यांची खाती सर्वांसाठी खुली असतात आणि टीका करणारा त्यांचे नाव जोडूनच शिवी लिहितो, त्यामुळे ती थेट त्यांच्या फोनवर जाऊन पडते. चाहत्याने चाहत्याला उद्देशून लिहिलेल्या वाक्यापेक्षा ही गोष्ट वेगळी आहे, आणि आदराचा आग्रह धरायचा तर तो येथे धरायला हवा.

यात सट्ट्याची भर पडली आहे. ओहायोमध्ये १ जानेवारी २०२३ पासून खेळांवरील सट्टा कायदेशीर झाला आणि त्याच महिन्यात डेटन विद्यापीठाच्या बास्केटबॉल प्रशिक्षकांना, पैसे हरलेले लोक आपल्या खेळाडूंना विखारी संदेश पाठवत असल्याचे जाहीरपणे सांगावे लागले. पुढे राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या विनंतीवरून ओहायोने मार्च २०२४ पासून महाविद्यालयीन खेळाडूंच्या वैयक्तिक कामगिरीवर पैसे लावण्यास बंदी घातली. हा निर्णय योग्यच होता, परंतु पैसे न लावता केवळ संतापापोटी लिहिणाऱ्याला तो कसा रोखणार?

आपल्या वृत्तपत्राचे परदेशस्थ वाचक पुष्कळ आहेत, म्हणून त्यांना आपल्यामार्फत एक विनंती करतो. मराठी मंडळांच्या आणि पालकांच्या गटांचे जे चालक आहेत त्यांनी संघावरील, प्रशिक्षकांच्या डावपेचांवरील कितीही तिखट मजकूर राहू द्यावा. पण एखाद्या खेळाडूच्या खात्याचा दुवा देऊन ‘याला जरा सुनवा’ असे कोणी लिहिले, तर तो संदेश तत्काळ काढून टाकावा आणि लिहिणाऱ्याला त्याचे कारण कळवावे, मग तो आपल्या संघाचा असो की समोरच्या.

आपला,
एक मराठी पालक
कोलंबस, ओहायो