कर्करुग्णांचे नुसते वजन नको, स्नायूही मोजा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझ्या यजमानांवर गेल्या वर्षापासून मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे उपचार चालू आहेत. आधी शस्त्रक्रिया झाली, मग केमो. आमच्या भागातील एका रुग्णालयात दर फेरीला त्यांना काट्यावर उभे करत आणि कार्डावर आकडा लिहीत. सुरुवातीला 72 किलो, चौथ्या फेरीला 71. शेजारी शेरा असे, ‘वजन स्थिर’. तो वाचून मी निर्धास्त होते.

पण घरात मला वेगळेच दिसत होते. लेंग्याची नाडी दर पंधरवड्याला आणखी आवळावी लागे, मांड्या काठीसारख्या झाल्या होत्या आणि घोट्यांवर मात्र सूज. हे तीस वर्षे वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात लेथवर उभे राहिलेले गृहस्थ. एकदा रुग्णालयाच्या रांगेत बसलो असताना त्यांनी पाण्याची बाटली काही न बोलता माझ्या हातात दिली. तिचे झाकण त्यांना उघडेना. त्या दिवशीही कार्डावर ‘वजन स्थिर’च लिहिले गेले.

पुढे ओळखीतून एका आहारतज्ज्ञ मुलीकडे गेलो. तिने पोटरीभोवती टेप गुंडाळली, हातात दाबायचे एक छोटे यंत्र दिले. पोटरी 31 सेंटिमीटर, पकड 21 किलो. आशियाई तज्ज्ञगटाने 2019 मध्ये ठरवलेल्या मर्यादेनुसार पुरुषाची पोटरी 34 सेंटिमीटरपेक्षा आणि पकड 28 किलोपेक्षा कमी भरली, तर स्नायू झिजल्याची शंका घ्यायची (स्त्रियांसाठी 33 आणि 18). ती म्हणाली, ‘काकू, पायावर सूज असूनही काकांची पोटरी एवढीच भरतेय. वजन पाण्यानं टिकलंय, मांस गेलंय.’ टेप आणि ते यंत्र मिळून पाच मिनिटांचे काम. ते इतके महिने कुणीच का केले नाही, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

मग मी आमचे सीटी स्कॅनचे जुने रिपोर्ट काढून बसले. गाठ, यकृत, मूत्रपिंडे, सगळ्यांची नोंद मिलिमीटरपर्यंत. स्नायूंबद्दल एक ओळ नाही. वास्तविक कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवरचे एकच चित्र घेऊन त्यातल्या स्नायूंचे क्षेत्रफळ मोजले आणि उंचीच्या वर्गाने भागले, की सगळ्या शरीरातील स्नायूंचा चांगला अंदाज येतो. जगभरचे संशोधक हीच पद्धत वापरतात. पोटाचा स्कॅन रोगासाठी झालेलाच असतो. वेगळा किरणोत्सर्ग नाही, सुई नाही, रुग्णाला पुन्हा बोलवायला नको. माहिती त्या सीडीत पडून असते, ती फक्त वाचायची असते.

स्नायू कमी असलेल्या रुग्णांना केमोचा त्रास जास्त होतो आणि डोस कमी करण्याची किंवा फेरी पुढे ढकलण्याची वेळ अधिक येते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. बहुतेक केमोचा डोस शरीराच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावरून ठरतो. त्यासाठी आजही सर्रास वापरले जाणारे सूत्र 1916 चे, अवघ्या 9 माणसांच्या मोजमापांवर बेतलेले. त्यात उंची येते, वजन येते, पण त्या वजनात चरबी किती, स्नायू किती आणि पाणी किती, हे येत नाही. आपल्याकडे तर ही गफलत जास्तच होणार. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि डॉ. जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) 22.3, पण युडकिनांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2 टक्के. दिसायला बेताचा आणि आतून स्नायू कमी, असा आपला देह. त्याच्यावर कर्करोगाने घाला घातला, तर काट्याला काय कळणार?

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगते. ‘अशक्तपणा आहे’ म्हणून आपण रुग्णाला पेज, साबुदाण्याची खीर, शहाळे देत राहतो. मीही तेच केले. त्यात प्रथिने नावालाच. कर्करुग्णाला दर किलो वजनामागे रोज किमान 1 ग्रॅम आणि जमल्यास दीड ग्रॅमपर्यंत प्रथिने हवीत (मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारूनच). आम्ही अंडी, पनीर, मुगाचे दाट कढण सुरू केले. फिजिओने हात न टेकता खुर्चीतून उठण्याचा व्यायाम शिकवला. दोन महिन्यांनी पकड 24 वर आली. जिन्यात कठडा अजून लागतो, पण बाटली ते स्वतः उघडतात.

कॅन्सरमुळे होणारी झीज एकदा फार पुढे गेली, की नुसत्या खाण्याने पुरती भरून येत नाही. म्हणून मोजणी पहिल्या दिवसापासून हवी. जिममध्ये असते तसले, अंगातून सौम्य वीजप्रवाह सोडून चरबी सांगणारे यंत्र आणून भागणार नाही. अंगावर सूज किंवा पोटात पाणी असले की ते फसते. ठाणे-पनवेल लोकलमध्ये स्कॅनच्या मोठ्या पिशव्या मांडीवर घेऊन खारघरच्या कर्करोग रुग्णालयासाठी उतरणारी कुटुंबे मी नेहमी पाहते. त्यांच्या रिपोर्टात स्नायूंची एक ओळ असावी, आणि ठाणे-नवी मुंबईतील सरकारी, पालिकेच्या व खासगी अशा प्रत्येक केमो कक्षात टेप आणि पकड मोजायचे यंत्र असावे, एवढीच मागणी आहे.

ह्यांचा पुढचा स्कॅन येत्या महिन्यात आहे. ‘स्नायूंचीही मोजणी करावी’ असे डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घेतल्याशिवाय मी या वेळी उठणार नाही.

– एक वाचक भगिनी, नौपाडा, ठाणे