पारंपरिक ताई-ची कार्यशाळेत जाहिरातीप्रमाणे शिक्षण न मिळाल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
कार्यशाळेची आयोजक कंपनी, मुंबई

विषय : नाशिक येथील दोन दिवसांची चेन शैली ताई-ची कार्यशाळा – शुल्क परतावा व प्रमाणपत्रे रद्द करणेबाबत.

महोदय,

गंगापूर रोडवरील लॉन्सच्या हॉलमध्ये आपण घेतलेल्या वरील कार्यशाळेचे आम्ही खाली सही करणारे सहभागी. आमच्यापैकी बहुतेक जण ताई-चीचा, म्हणजे संथ हालचालींच्या या चिनी युद्धकलेचा, नियमित सराव करणारे आहेत. त्यामुळे जाहिरातीत काय लिहिले होते आणि हॉलमध्ये काय शिकवले गेले, यातला फरक आमच्या पहिल्याच सत्रात लक्षात आला.

जाहिरातीत चार गोष्टी ठळक होत्या : चीनहून आलेल्या मास्टरांचे थेट मार्गदर्शन, चेन शैलीतील ‘लाओजिया यीलू’ हा जुना फॉर्म (ठरलेल्या स्थितींचा क्रम) संपूर्ण, पुश हॅण्ड्सची (जोडीने हाताला हात लावून करायच्या सरावाची) ओळख आणि जास्तीत जास्त ३० जणांची तुकडी.

आधी फॉर्मचे बोलू. हेनान प्रांतातल्या चेनजियागौ गावातून आलेल्या लाओजिया यीलूत मोजणीप्रमाणे ७४ किंवा ७५ स्थिती येतात. तो संथ चालतो, मधेच वेग घेतो, त्यात पाय आपटणे आहे, झटक्याने जोर सोडणे आहे. हॉलमध्ये शिकवला गेला तो २४ स्थितींचा सोपा फॉर्म. तो १९५६ साली चीनच्या क्रीडा आयोगाने यांग शैलीवरून बसवला. पाच-सहा मिनिटांचा, एका लयीचा, नवख्यांना उत्तमच. त्याच्याबद्दल आमची तक्रार नाही. पण तो चेन शैलीचा नाही, आणि लाओजिया तर नाहीच नाही. खरे तर ‘दोन दिवसांत संपूर्ण’ हेच वाक्य जाहिरातीत यायला नको होते. सुरुवातीची स्थिती, मग जिनगांग दाओ दुई, लान झा यी, ल्यू फेंग सी बी आणि दान ब्येन, एवढ्या पाच जरी नीट बसल्या असत्या, तरी पैसे वसूल झाले असे आम्ही म्हटले असते.

आता तुकडीचे. हॉलमध्ये शंभराहून अधिक माणसे होती. हे केवळ गर्दीचे गाऱ्हाणे नाही. ताई-ची बघून शिकता येत नाही. शिक्षक जवळ येतो, दोन बोटांनी कंबर जराशी मागे घेतो, खांदा खाली दाबतो, कोपर आत वळवतो; हाताने केलेल्या या दुरुस्तीसाठीच माणूस कार्यशाळेला येतो. बारा तासांपैकी निम्मा वेळ दुरुस्तीला दिला, तर ३० जणांत प्रत्येकाला १२ मिनिटे मिळतात. १०० जणांत चारही मिळत नाहीत. प्रत्यक्षात मास्टर फक्त सकाळच्या सत्रांना होते आणि तेही पंगतीत वाढपी फिरावा तसे ओळींतून एकदा फिरून गेले. उभ्या ध्यानाचे, म्हणजे झान झुआंगचे, छापील वेळापत्रकातले सत्र तर फोटो काढण्यात गेले. पाय खांद्यांएवढ्या अंतरावर, गुडघे किंचित सैल, हात छातीसमोर झाडाला मिठी मारल्यासारखे ठेवून वीस मिनिटे उभे राहिले, की कोणाचा खांदा उचलला जातो, कोणाची कंबर मागे कलते, हे शिक्षकाला दिसते. बाकी सगळी दुरुस्ती त्यावर बेतलेली असते. दुपारची सत्रे आपल्या सहायक प्रशिक्षकांनी स्टेजवरून माइकवर घेतली. वर स्पीकरवर संगीत एवढे मोठे, की मागच्या ओळींना सूचनाही ऐकू येत नव्हत्या.

यातली सर्वांत गंभीर बाब गुडघ्यांची आहे. आपल्या ई-मेलमध्ये योगा मॅट आणणे ‘अनिवार्य’ लिहिले होते. ताई-चीला मॅट लागत नाही, उलट ती घातक ठरते. मॅट दोन फूट रुंद. पाऊल लांब टाकले की एक पाय मॅटवर चिकटतो आणि दुसरा गुळगुळीत टाइल्सवर घसरतो. शिवाय पुढच्या पायाचा चवडा वळवताना आधी वजन मागच्या पायावर घ्यायचे, चवडा साधारण ४५ अंश बाहेर वळवायचा आणि मगच त्यावर वजन टाकायचे, हा नवख्यांसाठी पहिला धडा. स्टेजवरून मात्र वजन पुढेच ठेवून ‘वळा, वळा’ चालले होते. तळवा रबराला धरून राहतो, कंबर वळते आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो. गुडघा मुख्यतः बिजागरीचा सांधा, पीळ सोसायला तो बनलेला नाही. त्यात ‘आणखी खाली बसा’ ही सूचना साठीच्या सहभागींनाही सरसकट दिली गेली. बसायचे ते जांघेत घडी घालून. गुडघा पायाच्या बोटांच्या पुढे जाता कामा नये आणि आत झुकताही कामा नये. तसे होऊ लागले की पवित्रा उंच करायचा, त्यात कमीपणा नाही. हे कोणीही सांगितले नाही. बुटांबद्दलही सूचना नव्हती. निम्मे लोक जाड, मऊ टाचेचे धावण्याचे बूट घालून आले होते, त्यांत घोटा डगमगतो.

पुश हॅण्ड्सचे सत्र म्हणजे ढकलाढकली झाली. एका हाताचा आडवा गोल, मनगटाला मनगट लावून, समोरच्याचा जोर आला की मागच्या पायावर बसत कंबर वळवून तो बाजूला न्यायचा, इतके तरी आधी दाखवायला हवे होते. जोड्या उंची-वजन न पाहता लावल्या. एक ज्येष्ठ सहभागी टाइल्सवर घसरून पडले, तेव्हा हॉलमध्ये प्रथमोपचाराची पेटीही नव्हती.

आणि एवढ्यावर सगळ्यांना ‘लेव्हल १ प्रशिक्षक’ प्रमाणपत्र! उद्या हे कागद दाखवून कोणी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर आजी-आजोबांना शिकवू लागले, तर त्यांच्या गुडघ्यांची जबाबदारी कोणाची? आमची प्रमाणपत्रे या पत्रासोबत परत करत आहोत.

आमचा रोख मास्टरांवर नाही. जेवढा वेळ त्यांना दिला गेला, तेवढ्यात त्यांनी मनापासून शिकवले.

प्रत्येकी ६,५०० रुपये शुल्क आणि १८ टक्के जीएसटी १,१७० रुपये, असे ७,६७० रुपये घेतले गेले. पावतीवर जीएसटी क्रमांक मात्र नाही. तो असलेले बिल द्यावे. रक्कम पूर्ण परत करावी, अथवा ३० जणांच्या तुकडीत, लाकडी किंवा न घसरणाऱ्या जमिनीवर, मास्टरांच्या पूर्ण उपस्थितीत कार्यशाळा विनाशुल्क पुन्हा घ्यावी. वाटलेली सर्व प्रशिक्षक प्रमाणपत्रे रद्द केल्याचे सर्व सहभागींना कळवावे.

१५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास सेवेतील त्रुटी व दिशाभूल करणारी जाहिरात या कारणांवरून ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये नाशिक जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागू. आपले कार्यालय मुंबईत असले, तरी तक्रारदार राहतो तेथे तक्रार दाखल करता येते. जाहिरात, ई-मेल, वेळापत्रक व पावत्यांच्या प्रती जोडल्या आहेत.

आपले,
कार्यशाळेतील सहभागी, नाशिक
(सह्या सोबतच्या पानावर)