मिंट रोडवरचा धरमसी

महोदय,

फोर्टमधल्या एका कचेरीत मी 31 वर्षं नोकरी केली. सकाळी सीएसएमटीला उतरायचं, जीपीओला वळसा घालून मिंट रोडने चालत जायचं, संध्याकाळी त्याच वाटेने गाडी गाठायची. निवृत्तीनंतर पेन्शनच्या कामासाठी तिकडे गेलो असताना चपलेचा अंगठा तुटला. फुटपाथवरच्या चांभारदादांपुढे एक पाय उघडा घेऊन बसलो. ते टाका घालत होते, मला काहीच काम नव्हतं, म्हणून समोर पाहिलं.

समोर चौकातलं कारंजं होतं. इतकी वर्षं त्याला मी ‘ते दगडी बांधकाम’ म्हणत आलो. कोणाला पत्ता सांगायचा झाला की तेवढ्यापुरतंच ते कामाला यायचं. त्या दिवशी पहिल्यांदा त्यावरची हत्तींची डोकी नीट पाहिली. मग नजर वर सरकली आणि अगदी टोकाशी हातात पुस्तक घेतलेला एक मुलगा दिसला. दादा मान वर न करताच म्हणाले, “शेटचा पोरगा हाय तो. लहानपनीच गेला.”

घरी येऊन शोधून वाचलं. कापसाचे व्यापारी रतनसी मूळजी जेठा यांचा एकुलता एक मुलगा धरमसी वयाच्या 15 व्या वर्षी वारला. त्याच्या आठवणीसाठी त्यांनी 1894 मध्ये हे कारंजं बांधून घेतलं. ते साकारण्यात एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स आणि जॉन ग्रिफिथ्स या दोघांचा हात होता. स्टीव्हन्स म्हणजे आपलं व्हीटी स्टेशन उभारणारे. ग्रिफिथ्स म्हणजे जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करणारे. स्टेशनसमोर फोटो काढायला झुंबड उडते, आणि तिथून चालत काही मिनिटांवर त्याच स्टीव्हन्सचं हे काम आपण ओलांडून जातो. 2017 च्या सुमारास त्याची चांगली डागडुजी झाली, पुढच्याच वर्षी युनेस्कोच्या वारसा पुरस्कारांतही त्याची दखल घेतली गेली. तेव्हाही मला पत्ता नव्हता, याची खरोखर लाज वाटते.

तेव्हापासून महिन्यातून एकदा मी फक्त बघायला फोर्टात जातो. महात्मा गांधी रोडवरच्या न्यू इंडिया अॅश्युरन्सच्या 1936 च्या इमारतीवर शेतकरी, कुंभार, सूत कातणाऱ्या बाया दगडात कोरल्या आहेत. ते काम ना. ग. पानसरे या आपल्या मराठी शिल्पकाराचं. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची शिल्पं लॉकवुड किपलिंग यांची. ते समोरच्याच जे. जे.मध्ये शिकवत. त्या दाराखालून मी आंब्याच्या किती पेट्या घेऊन गेलो असेन! यातलं काहीच कुलपात नाही, तिकीटही नाही.

महापालिकेला माझी विनंती आहे. अशा प्रत्येक शिल्पाजवळ, चालत्या माणसाला वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत मराठी फलक लावावा. ‘हेरिटेज ग्रेड’ वगैरे शब्द त्यावर नकोत. कोणी घडवलं, कोणासाठी, केव्हा, एवढ्या चार ओळी पुरेत. फलक भिंतीत ठोकू नये, थोडा बाजूला उभा करावा. कोरीव दगडांत खिळे आणि केबलच्या वायरी आधीच पुष्कळ गेल्या आहेत. शाळांनीही सहलीच्या एका दिवशी मुलांना या रस्त्यांवरून पायी न्यावं.

चांभारदादांना त्या मुलाचं नाव ठाऊक नव्हतं. पुढच्या वेळी गेलो तेव्हा मी त्यांना सांगितलं. त्यांनी हातातली आरी खाली ठेवली आणि वर पाहत दोनदा म्हटलं, “धरमसी... धरमसी.”

– एक वाचक, डोंबिवली