कोपऱ्याआडचा माणूस

सांगली,
रविवार रात्र

प्रिय सुध्या,

दिवाळीपासून ना पत्र, ना फोन. तुझे तीन कॉल येऊन गेले ते दिसत होते, उचलले नाहीत. का, ते पुढे येईलच. माझी शुगर ठीक आहे, मंगलचा गुडघा तसाच. प्रकृतीचं एवढंच.

परवा रात्री जे झालं ते घरात कुणाला सांगता येत नाही.

२०२५ च्या मे महिन्यात शाळेच्या ग्रुपवर हवाई हल्ल्यांचे व्हिडिओ यायचे, आठवतं? त्यातले काही आर्मा ३ नावाच्या गेममधले निघाले. तू लिहिलंस, "खरं काय, खेळ काय कळत नसेल तर टाकू नका रे," आणि सगळे तुझ्या अंगावर आले. त्यात मीही होतो. तेव्हापासून फोन मला असलंच काहीतरी काढून देतो. आधी अधूनमधून बघायचो, मग रोज जेवण झालं की. बहुतेक एसी-१३० चे असतात. मालवाहू विमानाला तोफा बसवून अमेरिकेने केलेलं ते विमान. डाव्या अंगावर कलून एकाच जागेभोवती घिरट्या घालत राहतं, तोफाही सगळ्या त्याच बाजूला, १०५ मिलिमीटरची धरून. कॅमेरा उष्णता टिपतो, त्यामुळे रात्री माणसं पांढरी दिसतात. काळ्या तव्यावर तांदळाचे दाणे सांडावेत तशी. चेहरा नाही, किंकाळी नाही, ऐकू येतं ते फक्त वरच्यांचं रेडिओवरचं बोलणं.

परवाचा व्हिडिओ अफगाणिस्तानातला आहे असं खाली लिहिलं होतं. सहा जण एका वाटेने चालले होते. चालतच होते. चार मिनिटं झाली तरी काही होईना. आणि सुध्या, मी बोटाने व्हिडिओ पुढे ढकलला. तोफ कुठे उडते ते शोधायला. सापडलं, आणि बरं वाटलं मला.

फोन पालथा घातला. मंगल झोपेत होती. पहाटेपर्यंत मी स्वयंपाकघरात बसून होतो.

बसल्या बसल्या एप्रिल २०१० आठवला. तुझं डोंबिवलीचं घर, वहिनींनी केलेली मिसळ (कट सगळा तू संपवलास, ते मी अजून विसरलेलो नाही) आणि गुप्त कागदपत्रं फोडणाऱ्या विकिलीक्सने नुकताच बाहेर काढलेला तो बगदादचा व्हिडिओ. १२ जुलै २००७ चा. अमेरिकी अपाचे हेलिकॉप्टरच्या बंदुकीवरचा कॅमेरा. खाली रॉयटर्स या वृत्तसंस्थेचे दोघे, नमीर नूर-एल्दीन आणि सईद चमाग. नमीर बावीस वर्षांचा. तो भिंतीच्या कोपऱ्याआडून वाकून लांब लेन्स बाहेर काढतो आणि वरच्यांना ते रॉकेट वाटतं. नेमक्या त्या क्षणी तू उठून गॅलरीत गेलास. मी वहिनींच्या देखत म्हणालो, "फोटोग्राफर म्हणवतोस आणि बघायला घाबरतोस?" आठ महिने बोलत नव्हतो आपण.

मी तेव्हा तावातावाने काय सांगत होतो तेही आठवतं. रॉयटर्सने माहितीच्या कायद्याखाली हे चित्रण मागितलं होतं, मिळालं नाही. ते फोडणाऱ्या अमेरिकी सैन्यातल्या मॅनिंगला पुढे ३५ वर्षांची शिक्षा झाली. ओबामांनी कमी केली म्हणून २०१७ साली सुटका. कुणी पाहिलंच नसतं तर ते दोघे कसे मेले हे जगाला कधी कळलं असतं? हे मला आजही पटतं. तू कितीही भांड.

पण त्या रात्री तू गॅलरीत असताना पुढचं मी एकट्याने पाहिलं होतं, आणि त्याबद्दल तुला कधी बोललो नाही. सईद जखमी होऊन कडेने सरपटतो. वरचा बंदूकवाला त्याच्यावर नेम धरून वाट बघतो. त्याने एकदा हत्याराला हात लावावा, म्हणजे गोळी घालता येईल. तोंडाने तसं म्हणतोसुद्धा. मग त्याला उचलायला एक व्हॅन येते, तिच्यावरही गोळ्या. आत दोन पोरं होती, ती जखमी झाली. त्यांचा बाप गेला. मी तेव्हा त्या बंदूकवाल्याला शिव्या घातल्या होत्या. परवा सहा जण चालत असताना मी कशाची वाट बघत होतो? परवाच्यासारख्याच एका एसी-१३० ने ३ ऑक्टोबर २०१५ ला अफगाणिस्तानात कुंदुझला डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सच्या हॉस्पिटलवर तोफा चालवल्या. ४२ माणसं गेली. हॉस्पिटल कुठे आहे हे अमेरिकी फौजेला आधीच कळवलेलं होतं. नर्स काय, ऑपरेशनच्या टेबलावरचा पेशंट काय, वरून ते दाणेच. आणि माझ्या त्या सहा जणांत कोण होतं, हे मी एकदाही स्वतःला विचारलं नाही.

१९९१ साली चाळीत केबल आली ती आखाती युद्धामुळेच. बॉम्ब इमारतीवर आदळला की चित्र जायचं आणि आपण दोघं टाळ्या वाजवायचो. त्यात माणसं दिसत नव्हती, असं मी स्वतःला समजावलं. पण आता दिसतात, तरी मी पुढे ढकलतोच आहे.

तू दंगलीच्या वेळी भेंडीबाजारात कोपऱ्याआडून तसाच वाकून फोटो काढायचास. माझ्या डोळ्यांसमोर तू होतास. तरीही २०१० ला तू का उठलास हे मला कळलं नाही. मी तुला भेकड म्हणालो, ते शब्द मी परत घेतो. सोळा-एक वर्षं उशीर झाला. फोन उचलले नाहीत ते या लाजेने. बोलताना तुला सगळं कळलं असतं.

रश्मीला पुण्यात नोकरी लागली असं मंगलकडून समजलं, अभिनंदन. घराला रंग झाला का? वहिनींना नमस्कार.

ती मोठी लेन्स विकायला काढली आहेस असं ऐकलं. विकू नकोस. येत्या शनिवारी सकाळच्या गाडीने येतो. मिसळ राहू दे, गॅलरीत दोन खुर्च्या टाक.

तुझा,
विन्या